वर्गात दाखवायच्या जुन्या १६ मिमी फिल्म : मजा नक्की कशात आहे?

मधली_सुट्टी (धागालेखक)

दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण १९८० पर्यंत, खास वर्गात दाखवायला म्हणून १६ मिमीच्या (म्हणजे एवढ्या रुंदीच्या फिल्मपट्टीवरच्या) ढिगाने शैक्षणिक फिल्म निघाल्या. मुख्यतः अमेरिकेत. बी कसं रुजतं, दात कसे घासावेत, चारचौघांत कसं बोलावं, वीज म्हणजे काय. विषय सपक, अभिनय लाकडी, आणि निवेदकाला जगातलं सगळं ठाऊक. तरीही एक पाहिली की दुसरी लावल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न एवढाच : ही मजा फिल्ममध्ये आहे की फिल्मच्या झिजण्यात? गुलाबी पडलेले रंग, खरखर, सुरुवातीला लडखडणारं संगीत, मध्येच गिळलेलं वाक्य, हे सगळं काढून टाकलं तर उरतं काय? माझं मत : फारसं काही नाही. हाणा आता.

रिळोबा

साफ असहमत. झीज वरवरची आहे. गंमत त्या फिल्म ज्या अडचणीत बनायच्या, त्या अडचणीत आहे.

हिशेब बघा. १६ मिमीला फुटाला ४० चौकटी. बोलक्या फिल्मचा वेग सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटं आणि वर काही सेकंद. वर्गातल्या फिल्मचं नेहमीचं माप हेच. तासाच्या आत मास्तरांना आधी दोन शब्द बोलायचे असतात, मग फिल्म, मग प्रश्नोत्तरं. ११ मिनिटांत अख्खं रक्ताभिसरण कोंबायचं म्हटल्यावर वाक्यं आपोआप तुटक आणि ठाम होतात. 'कदाचित' या शब्दाला तिथे फूटभरही जागा नाही.

दुसरं, ओठांबरोबर आवाज मुद्रित करणं महाग. कॅमेऱ्याची घरघर झाकायची, माइक चौकटीबाहेर लपवायचा, एक शब्द चुकला की पुन्हा शॉट, पुन्हा कच्ची फिल्म. त्यापेक्षा चित्रण मुकं करायचं आणि निवेदन नंतर चढवायचं. म्हणून या फिल्मांत माणसं तोंड हलवतात पण ऐकू येत नाहीत, त्यांच्या मनातलं निवेदकच सांगतो. कॅमेरा हातांवर, पाठींवर, वस्तूंवर रेंगाळतो, कारण हातांना संवाद लागत नाहीत. तो जो स्वप्नातल्यासारखा परकेपणा जाणवतो तो इथून येतो. फिल्म कितीही घासूनपुसून लख्ख करा, तो जाणार नाही.

पेंगुळलेला_बाक

११ मिनिटं. म्हणजे डोळा लागायला पुरेशी आणि झोप पुरी व्हायला अपुरी. शिक्षणखात्याचा डाव दिसतोय.

किनखाप

रिळोबांना +१. त्या परकेपणाचा पुरावाच आहे. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन ही अशा फिल्म काढणारी मोठी कंपनी होती. तिचा दिग्दर्शक हर्क हार्वी याने १९६२ मध्ये 'कार्निव्हल ऑफ सोल्स' हा भयपट केला. तो बघताना जे अंगावर येतं, ते रिकाम्या जागा, अलिप्त चेहरे, तोंडापासून सुटा वाटणारा आवाज, हे सगळं वर्गातल्या फिल्मांचंच सामान आहे. फक्त दात घासण्याऐवजी भूत.

अमोनिया

गुलाबी रंगाबद्दल लिहिते, कारण त्यावर बऱ्याच भाबड्या समजुती आहेत. त्या फिल्म अशा 'दिसायच्या' नाहीत. पहिल्या दिवशी रंग ठीकठाक होते.

रंगीत प्रिंटमध्ये (म्हणजे दाखवायच्या प्रतीत) रंगद्रव्याचे तीन थर असतात : निळसर हिरवा, किरमिजी आणि पिवळा. कोडॅकच्या जुन्या ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या प्रिंटमधला निळसर हिरवा आणि पिवळा हे दोन थर अंधारात, डब्यात बंद असतानाही उडत जातात. किरमिजी टिकून राहतो. म्हणून आभाळ गुलाबी, गवत गुलाबी, बेडूकही गुलाबी. फिल्म न दाखवता जपून ठेवली तरी हे होतंच, उष्णतेत लवकर, थंडीत सावकाश. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकने कमी उडणाऱ्या रंगांची प्रिंटफिल्म आणली, त्यानंतरच्या प्रिंट बऱ्या असतात.

कोडॅकच्याच कोडाक्रोम या दुसऱ्या रंगीत फिल्मवर काढलेल्या प्रिंटचे रंग मात्र आजही टवटवीत असतात. ओळखायची खूण : फिल्मची किनार बहुधा काळीकुट्ट असते. आणि कृष्णधवल फिल्ममध्ये रंगद्रव्यच नाही, चांदीचे कण आहेत, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

किनारीवरून आणखी एक गोष्ट कळते. कोडॅकच्या फिल्मवर किनारीला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून कच्ची फिल्म कुठल्या वर्षी बनली ते कळतं. खुणा २० वर्षांनी पुन्हा त्याच येतात, म्हणून १९५१ की १९७१ हे कपड्यांवरून आणि गाड्यांवरून ठरवावं लागतं. आणि ते वर्ष त्या प्रिंटचं असतं, मूळ फिल्मचं नव्हे. गाजलेल्या फिल्मच्या प्रिंट वर्षानुवर्षं निघत राहायच्या.

मधली_सुट्टी

अमोनियाताई, म्हणजे माझा गुलाबी मुद्दा गेलाच म्हणायचा. पण संगीताचं काय? नाव पडद्यावर येताना वाद्यवृंद दारू प्यायल्यासारखा वर चढतो, ते मुद्दाम तर नसणार.

खटक्या

ते माझं खातं.

ध्वनिपट्टी फिल्मच्या एका कडेला छापलेली असते. तिच्यावर एका छोट्या दिव्याचा प्रकाश बारीक फटीतून पडतो, पलीकडे प्रकाशसंवेदी घट असतो, प्रकाश कमीजास्त झाला की तोच आवाज. ही वाचणी एका गुळगुळीत ड्रमवर होते आणि त्या ड्रमच्या मागे जड चाक असतं. गेटमधून (जिथे प्रत्येक चौकट दिव्यासमोर क्षणभर थांबते तिथून) फिल्म झटक्याझटक्याने, चौकटीमागून चौकट अशी सरकते, पण आवाजाला अखंड एकसारखी गती लागते. ती हे जड चाक देतं. जड असल्यामुळे त्याला वेग घ्यायला दोनतीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आवाज खालून वर चढतो.

आकडे मोजणारी जी पट्टी सुरुवातीला जोडलेली असते, ती याचसाठीही असते. ती जाईपर्यंत वेग जमतो. पण प्रोजेक्टरमध्ये ओवताना दर वेळी पहिली फूटभर फिल्म चुरगळते, कोणीतरी ती कापतं, पुन्हा चुरगळते, पुन्हा कापतं. काही वर्षांत आकडे संपतात आणि मशीन सुरू होतं ते थेट नावांवर. म्हणून वाद्यवृंद दारू पितो.

गंमत म्हणजे, हा दोष प्रिंटमध्ये नसतोच, दाखवण्यात असतो. त्याच प्रिंटचं नीट स्कॅनिंग केलं तर पहिला सूर जागच्या जागी लागतो.

नववी_ब

आकड्यांचे दोन प्रकार दिसतात ना? एकात ११ पासून ३ पर्यंत, दुसऱ्यात ८ पासून २, घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी रेघ.

खटक्या

बरोबर. ११ ते ३ ही जुनी अकादमी पट्टी, हॉलिवूडच्या अकादमीने ठरवलेली, १९३० ची. तिच्यातले आकडे सेकंद नव्हेत, ३५ मिमीचे फूट आहेत. ३५ मिमीच्या फुटात १६ चौकटी, म्हणून आकडा दर दोनतृतीयांश सेकंदाला बदलतो. घड्याळ लावून बघितलंत तर घाईत वाटेल. ८ ते २ ही १९६० च्या दशकातली, ती खरोखर सेकंद मोजते. २ वर एक 'टुक्' वाजतं आणि मग दोन सेकंद काळं.

पेंगुळलेला_बाक

१ आणि ० कुठे गेले?

खटक्या

२ नंतर मुद्दाम काळं ठेवतात, म्हणजे थिएटरातला कापडी पडदा जरा आधी उघडला तरी प्रेक्षकांना आकडा दिसू नये. वर्गात असा कापडी पडदा वगैरे नव्हता, म्हणून मुलांना सगळे आकडे दिसायचे आणि ती मोठ्याने मोजायची. फिल्मचा सर्वांत लोकप्रिय भाग तोच असावा.

सुतळी

वाचनखूण साठवली. एक व्यावहारिक प्रश्न. अशा रिळांचा डबा हाती लागला तर आधी काय तपासायचं? सरळ मशीनवर चढवू नये एवढं कळतं.

अमोनिया

आधी नाक. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट (फिल्मचं एक प्रकारचं प्लास्टिक) पट्टी सडायला लागली आहे. तीतून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल सडणं आणखी वाढवतं. घट्ट पत्र्याच्या डब्यात ते कोंडलं जातं. अशी रिळं बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, हवा खेळेल अशा डब्यात आणि थंड जागी ठेवा. वासावर भरवसा नसेल तर आम्ल दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. एक पट्टी डब्यात ठेवून खोलीच्या तापमानाला किमान २४ तास बंद ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सुरुवात झाली, पिवळी म्हणजे प्रकरण हाताबाहेर.

मग आक्रसणं मोजा. १०० चौकटींची लांबी ७६२ मिमी असायला हवी. फिल्म सपाट टेबलावर न ताणता पसरा, पट्टीने मोजा. ७५६ च्या खाली गेली की (साधारण ०.८ टक्के) सावध व्हा, ७५४ म्हणजे १ टक्का आक्रसली, ती प्रोजेक्टरवर चढवू नका. प्रोजेक्टरच्या दात्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, फिल्मच्या कडेच्या भोकांमधलं कमी झालेलं असतं, त्यामुळे दाते भोकांच्या कडा फाडत जातात. मशीनमधून टकटक आवाज आला म्हणजे फाडणं सुरू झालंच.

तिसरं, भोकं एका बाजूला आहेत की दोन्ही? बोलक्या फिल्मला एकाच बाजूला, दुसरी बाजू ध्वनिपट्टीची. जुन्या मूकपटांच्या प्रोजेक्टरला दोन्हीकडे दाते असतात. त्यात बोलकी फिल्म घातलीत तर ध्वनिपट्टीला नवी भोकं पडतील, व्यवस्थित, समान अंतरावर.

रिळोबा

त्यात भर : जोड तपासा. रीळ हाताने सावकाश गुंडाळत कड बोटांच्या चिमटीतून जाऊ द्या (सुती हातमोजा घालून). फाटकं भोक आणि उसवलेला जोड लगेच बोटाला लागतो. सिमेंटने केलेले जोड सुकून सुटतात.

पॉलिएस्टर फिल्म सिमेंटने चिकटत नाहीच, तिथे चिकटपट्टीचा जोड हवा. ओळखायला रीळ आडवं धरून दिव्यासमोर बघा. पॉलिएस्टरच्या थरांतून उजेड आरपार झिरपतो, ॲसिटेटचं रीळ काळं दिसतं. पॉलिएस्टर तुटत नाही हा गुण तसा दुर्गुणच. अडकलं की फिल्मऐवजी मशीन तुटतं.

सुतळी

आणि पुसायचं कशाने?

अमोनिया

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारं मऊ कापड, कापडाची जागा सारखी बदलत. कापड ओलसर हवं, चिंब नको, आणि फिल्म गुंडाळली जाण्याआधी सुकली पाहिजे. चुंबकीय ध्वनिपट्टी असेल (तपकिरी, गंजासारखी कड) तर हे आधी टोकाला तपासा, कारण लेप सुटू शकतो. जुन्या पुस्तिकांत कार्बन टेट्राक्लोराइड सुचवलेलं असतं. ते यकृताला घातक आहे, नाव सुद्धा काढू नका. गेटमधला साका काढायला लाकडी काडी आणि मऊ ब्रश. धातूचं काहीही नको. गेटवर एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक फिल्मच्या अंगावर उमटतो.

नववी_ब

पडद्याच्या कडेला जो केस थरथरत असतो तो गेटमधलाच ना? अख्खा वर्ग फिल्म सोडून तो केस बघायचा म्हणे.

खटक्या

तोच. फिल्मवरची धूळ क्षणात निघून जाते. जी घाण जागची हलत नाही ती गेटमधली.

आता ओवण्याबद्दल, कारण बहुतेक गडबड तिथेच होते. गेटच्या वर एक आणि खाली एक अशी फिल्मची सैल कमान, म्हणजे लूप. वरचा दातेरी गट्टू फिल्म अखंड पुरवतो, गेटमधला पंजा झटक्याने ओढतो, आणि या दोघांचं भांडण मिटवायला लूप. खालचा लूप गेला की चित्र उभं फरफटल्यासारखं दिसतं, पाऊस पडतोय असं. बऱ्याच मशीनांवर लूप परत आणणारी एक कळ असते. ती दाबूनही परत परत जात असेल तर भोकं फाटलेली आहेत किंवा फिल्म आक्रसली आहे, मशीनला शिव्या देऊ नका.

खालच्या लूपचं माप आवाजाशी जुळलेलं असतं. गेटपासून ध्वनीच्या ड्रमपर्यंत २६ चौकटी. लूप मोठा सोडला तर आवाज मागे पडतो, लहान केला तर पुढे. ड्रमवर फिल्म सैल बसली तर आवाज तरंगतो, थरथरतो. आवाज नुसताच दबका असेल, 'स' आणि 'श' ऐकू येत नसतील, तर ध्वनीचं फोकस फिरवून बघा. प्रिंटची मसाल्याची (म्हणजे चित्राच्या लेपाची) बाजू कधी भिंगाकडे असते, कधी दिव्याकडे.

दिवा लागलेला असताना फिल्म थांबली तर मधोमध तपकिरी फुगा येऊन पसरतो. १६ मिमीची पट्टी पहिल्यापासून सुरक्षित प्रकारची (१९२३ मध्ये कोडॅकने आणली तेव्हापासून), त्यामुळे जुन्या ३५ मिमी नायट्रेटसारखा भडका उडत नाही. चौकट तेवढी वितळते.

किनखाप

२६ चौकटींवरून एक सुचलं. फिल्म तुटून जोडली की दोनचार चौकटी जातात. जोड आधी गेटमधून जातो आणि २६ चौकटींनंतर ड्रमवर पोचतो. म्हणजे आधी चित्र उडी मारतं आणि सेकंदाहून जरा जास्त वेळाने निवेदक एक शब्द गिळतो. या फिल्म बघताना जो बारीकसा ठेचकाळल्याचा अनुभव येतो, त्याचं कारण हे. चित्राची उडी दिसली की कान आपोआप पुढच्या उडीची वाट बघतात.

खटक्या

व्वा. आणि ही उडी प्रिंटमध्येच कोरलेली आहे, स्कॅन कितीही स्वच्छ करा. गहाळ चौकटी कुठून आणणार, दुसरी प्रिंट मिळाल्याशिवाय?

उपरोध

मी जरा वाईटपणा घेतो. तुम्ही सगळे यंत्राचं कौतुक करताय. लोक या फिल्म बघतात ते हसायला. १९५१ ची 'डक अँड कव्हर' घ्या. अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली लपा, सोबत कासवाचं कार्टून. कोरोनेट या कंपनीच्या शिष्टाचाराच्या फिल्म घ्या : मुलाने मुलीला फोन कसा करावा, जेवताना काय बोलू नये. गोडवा वगैरे काही नाही, आपण शहाणे झालो याचं समाधान आहे.

रिळोबा

काही फिल्मांबाबत मान्य. पण बाकाखाली लपण्याला लोक हसतात ते जरा चुकीच्या ठिकाणी. स्फोट जवळ झाला तर काहीच उपयोग नाही हे खरं. लांब झाला तर मात्र आधी लखलखाट दिसतो, धक्क्याची लाट काही सेकंदांनी येते, आणि बऱ्याच जखमा फुटक्या काचांनी होतात. तिथे खाली वाकणं अगदीच वेडेपणा नव्हतं. हसायचंच तर कासवाच्या आनंदी चेहऱ्याला हसा.

आणि सगळा माल शिष्टाचाराचा नव्हता. १९५७ ला रशियाचा स्पुटनिक हा पहिला उपग्रह गेला, १९५८ ला अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला, शाळांना विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी उपकरणं घ्यायला पैसा मिळाला. त्या लाटेत भौतिकशास्त्राच्या ज्या फिल्म आल्या त्यांतली १९६० ची 'फ्रेम्स ऑफ रेफरन्स' बघा. टोरांटो विद्यापीठाचे ह्यूम आणि आयव्ही हे दोन प्राध्यापक. एक उलटा दिसतो, आणि उलटं नक्की कोण यावरून दोघांची जुंपते. पुढे फिरत्या टेबलावर बसून घर्षणाशिवाय सरकणारी चकती ढकलतात. बाहेरचा कॅमेरा सरळ रेघ दाखवतो, टेबलाबरोबर फिरणारा कॅमेरा वाकडी. फळ्यावर आकृत्या काढून अर्धा तास जे समजत नाही ते एका शॉटमध्ये. याला कोणी हसत नाही, आणि कृष्णधवल असल्यामुळे ती गुलाबीही पडत नाही.

पेंगुळलेला_बाक

उपरोध, 'जेवताना काय बोलू नये' या फिल्मची लिंक द्या. सासरी पाठवायची आहे.

नववी_ब

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

अवांतर : एवढ्या फिल्म फुकट कशा काय सापडतात? कोणी हक्क सांगत नाही?

किनखाप

अमेरिकेच्या जुन्या कायद्यात हक्क २८ वर्षांचा, आणि २८ व्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. १९६४ च्या आधीच्या फिल्मांना हा नियम लागू. तोवर फिल्म जुनाट झालेली, कंपनी विकली गेलेली, अर्ज कोण करतो? त्या सार्वजनिक झाल्या. 'मालकाचं नाव दिसत नाही म्हणजे फुकट' असं मात्र समजू नका. १९६४ पासून पुढच्या फिल्मांचं नूतनीकरण आपोआप झालेलं आहे.

आणि टिकल्या त्या रिक प्रेलिंगरसारख्या लोकांमुळे. त्याने १९८२ पासून लोक फेकत होते त्या फिल्म गोळा केल्या. संग्रह २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. हजारो फिल्म इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून घेता येतात.

सुतळी

शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. पडद्यावर फिल्म लावून मोबाइलने टिपली तर चालेल का? लुकलुकतं.

खटक्या

लुकलुकणारच. दिव्यासमोर फिरणारं तीन पात्यांचं शटर असेल तर २४ गुणिले ३, सेकंदाला ७२ झपके. कॅमेरा २५ किंवा ३० चौकटी टिपतो, दोघांचा मेळ बसत नाही. वेग बदलता येणाऱ्या मशीनवर १६⅔ चौकटींना आणलं तर ५० झपके होतात आणि २५ च्या कॅमेऱ्याशी जुळतात, शटर १/५० वर ठेवायचं. मग संगणकात वेग परत २४ ला न्यायचा. आवाज मात्र या वेगात भसाडा येतो, तो २४ वर वेगळा टिपून जोडावा लागतो.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा स्कॅनिंग करून घ्या. दात्यांशिवाय, नुसत्या रोलरवर चालणारे स्कॅनर आक्रसलेली फिल्मही घेतात. उडालेले रंग परत आणायचे असतील तर ८ बिटमध्ये (म्हणजे कमी छटांत) करू नका. लाल आणि निळ्या भागात फरक इतका थोडा उरलेला असतो की तो ताणल्यावर पट्टे दिसतात. १० बिट किंवा जास्त.

आवाजाची खरखर काढताना हात आवरा. १६ मिमीच्या ध्वनिपट्टीवर ७ किलोहर्ट्झच्या वर कामाचं काही नसतं, तेवढं कापा, बास. त्याहून जास्त साफ केलंत की निवेदक बादलीत तोंड घालून बोलायला लागतो.

मधली_सुट्टी

बरं, मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हा लोकांमुळे माझी यादी अर्धी झाली. गुलाबी रंग गेला, लडखडतं संगीत गेलं, केस गेला. उरली ती जोडावरची उडी, निवेदकाचा ठामपणा आणि मुकी माणसं. मान्य, झीज सगळं काही नाही. पण परवा एका फिल्मच्या दोन प्रती शेजारी शेजारी लावल्या, एक रंग सुधारलेली आणि एक तशीच. तरी शेवटपर्यंत बघितली ती गुलाबीच.

अमोनिया

बघा की खुशाल. फक्त स्कॅन करताना दोन्ही फाइली ठेवा, सुधारलेली आणि कच्ची. उलट दिशेने जाता येत नाही.

उपरोध

म्हणजे निकाल काय लागला?

पेंगुळलेला_बाक

४०० फूट संपले. फिल्म सुटून रिळावर फटफट फटफट करतेय, कोणीतरी दिवा लावा.

खटक्या

आधी प्रोजेक्टरचा दिवा बंद करा, पंखा पाचेक मिनिटं चालू राहू द्या. गरम दिव्याला धक्का लागला की तार तुटते. आणि रीळ उलटं गुंडाळून ठेवा हो, पुढच्या वर्गाला शेवटापासून बघावी लागते नाहीतर.